तीन पाळ्यांच्या मशीनशॉपमध्ये शिकण्या-बोलण्याला वेळ कुठून काढायचा?

पाळीप्रमुख

भोसरी एमआयडीसी. १४ सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारी लेथ), २ व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन). माणसं ४६: सेटर (मशीनवर टूल आणि माप लावणारे) ५, ऑपरेटर ३०, लाईन इन्स्पेक्टर ६, हेल्पर ५. एक ऑपरेटर दोन मशीन बघतो. पाळ्या ७ ते ३:३०, ३:३० ते १२, १२ ते ७. सुट्टी गुरुवारी. ऑपरेटरांपैकी निम्मे कंत्राटी किंवा अप्रेंटिस, म्हणजे वर्षभरात चेहरे बदलतात.

अडचण अशी, की तोच दोष फिरून फिरून येतो. बोर (जॉबमधलं भोक) २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी. दर दोन महिन्यांनी ओव्हरसाईजचा एक गठ्ठा लाल (रिजेक्शनच्या) डब्यात. पहिल्या पाळीला कारण सापडतं, तिसऱ्या पाळीला त्याचा पत्ता नसतो. सेटर सोडून गेला की त्याच्या डोक्यातलं सगळं त्याच्याबरोबर गेट पास करून बाहेर.

आत्ता काय चालू आहे: महिन्यातून एका शनिवारी तासभर ट्रेनिंग, पडद्यावर स्लाईड. समोरचे डुलक्या काढतात. रात्रपाळीवाले त्यासाठी दुपारी येत नाहीत, आणि झोपमोड करून त्यांनी का यावं?

तीन प्रश्न. वेळ कुठून आणायचा? बसवल्यावर बोलायचं काय? आणि त्याची झाडाझडती होऊ नये म्हणून काय करायचं? साहेबांनी आधीच विचारून ठेवलंय, "प्रॉडक्शन किती बुडणार, तेवढं सांग."

---

सॉफ्टजॉ

साहेबांचा प्रश्न रास्त आहे, त्यालाच आधी उत्तर द्या. आकडा हातात असला की पुढचं बोलणं सोपं जातं.

पहिली आणि दुसरी पाळी ५१० मिनिटांची. जेवण ३०, दोन चहा २०, शेवटची साफसफाई आणि रिपोर्ट १०. उरली ४५०. तिसरी पाळी ४२० मिनिटांची, जेवण-चहा-साफसफाई जाऊन ३७०. दिवसाची १२७० मिनिटं, सहा दिवस, १६ मशीन: आठवड्याला साधारण २०३० मशीन-तास. प्रत्येक पाळीला आठवड्यातून एकदा १५ मिनिटं सगळी मशीन थांबवली तर ४ तास गुणिले ३, म्हणजे १२ मशीन-तास. अर्ध्या टक्क्याच्या जरासं वर. तासाचा दर ४०० धरला तर ४,८०० रुपये. शेजारी महिन्याच्या रिजेक्शनचा आकडा मांडा, मटेरियलची किंमत धरून. नुसतं मशीनिंग धरलं तर तो आकडा फसवा लहान दिसतो.

आता त्या १२ तासांतले निदान ४ तास फुकट मिळतात. शुक्रवारी सकाळी ७ ला मशीन २४ तास थंड पडलेली असतात. स्पिंडल गार, हेडस्टॉक गार. लगेच जॉब लावला तर पहिला तास माप सरकत राहतं आणि ऑपरेटर ऑफसेटच्या (मशीनला दिलेल्या माप-दुरुस्तीच्या) मागे धावत राहतो. म्हणून १५-२० मिनिटांचा वॉर्मअप प्रोग्रॅम लावायचाच असतो: आरपीएम टप्प्याटप्प्याने वर, एक्स-झेड पूर्ण प्रवास, टरेट (टूल धरणारं चक्र) इंडेक्स. त्या वेळात ऑपरेटर काय करतो? उभा राहतो. हीच तुमची पहिल्या पाळीची बैठक. प्रॉडक्शनचा एक पीस बुडत नाही, उलट वॉर्मअप टाळायची सवय आपोआप मोडते.

दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला अशी सोय नाही. तिथे एक दिवस ठरवा आणि पाळीच्या सुरुवातीची १५ मिनिटं घ्या. शेवटची नको. शेवटी माणसाचं लक्ष बसच्या वेळेवर असतं.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. त्या दिवसाचं टार्गेट कमी करा. सायकल ९० सेकंद असेल तर ४५० मिनिटांत ३०० पीस, ४३५ मिनिटांत २९०. बोर्डावर २९० लिहा. बैठक घ्यायची आणि टार्गेट ३०० च ठेवायचं, म्हणजे ऑपरेटरच्या खिशातून (इन्सेंटिव्ह असेल तर शब्दशः खिशातून) वेळ काढणं झालं. मग तो येतो, पण नजर मशीनकडे. किंवा नंतर ते दहा पीस भरून काढायला फीड (टूल पुढे सरकायचा वेग) वाढवतो आणि इन्सर्ट (टूलचा बदलता येणारा कापणारा तुकडा) आधीच मरतो. ओईई (मशीन किती कार्यक्षम चाललं त्याचा आकडा) काढत असाल तर ही १५ मिनिटं नियोजित थांब्यात टाका. उपलब्धता पडलेली दिसली की महिनाअखेरीला पहिली कुऱ्हाड यावरच येते.

पाळी संपल्यावर थांबवून घेणार असाल तर तो कामाचाच वेळ आहे, तासांची मर्यादा ओलांडली की दुप्पट दर द्यावा लागतो. "शिकायला थांबलाय, ओव्हरटाइम कसला" हे चालत नाही. त्या वाटेला जाऊच नका.

---

बोरडायल

वेळेचं वर आलंय. बोलायचं काय, ते सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी घोडं तिथेच पेंड खातं.

विषय ठरवू नका. पीस ठरवा. लाल डब्यातून एक पीस उचला, टॅगसकट. तो टेबलावर, शेजारी चांगला पीस, गेज, आणि काढलेला इन्सर्ट. एका बैठकीला एकच पीस. "गुणवत्तेचं महत्त्व" असा विषय दिला की माणसं तोंडावर होकार ठेवून मनात घरी जातात.

प्रश्न चार. अमेरिकन सैन्यात सरावानंतर याच चार प्रश्नांवर चर्चा घेतात, आणि शॉपफ्लोअरला ते जसेच्या तसे बसतात: काय व्हायला हवं होतं? झालं काय? फरक का पडला? पुढच्या वेळी नेमकं काय वेगळं करायचं? वेळेची वाटणी पहिल्या दोनांना ४ मिनिटं, तिसऱ्याला ७, चौथ्याला ४. पहिला प्रश्न लोक गाळतात, "ते तर ड्रॉइंगमध्ये आहेच" म्हणून. गाळू नका. तीन ऑपरेटरना विचारा की बोर कितीला राखता. एक म्हणेल मध्यावर, दुसरा म्हणेल खालच्या बाजूला कारण इन्सर्ट झिजतो, तिसरा म्हणेल गो गेज (भोकात जायलाच हवा तो) जातोय ना, मग झालं. निम्मं उत्तर तिथेच सापडतं.

तुमच्याच २५ एच७ चं उदाहरण घेऊ. बोर ओव्हरसाईज. का? इन्सर्ट बदलल्यानंतरचे पीस आहेत. का? नवा इन्सर्ट जुन्याच्या जागी हुबेहूब बसत नाही. एम वर्गाच्या ०६ साईझच्या इन्सर्टला मापातच ±०.०५ मिमी सूट असते, सीटमध्ये बारीक चिप राहिली तर आणखी फरक. तुमची पूर्ण टॉलरन्स ०.०२१. आणि टोकाचा फरक व्यासावर दुप्पट दिसतो. म्हणजे जुन्याच ऑफसेटवर पुढे गेलं तर माप राहिलं हे नशीब. मग बदलल्यावरचा पहिला पीस मोजला का नाही? इथे थांबा. कारण इथे सगळे म्हणणार, "ऑपरेटरचा निष्काळजीपणा." फळ्यावर तो शब्द लिहायचा नाही, असा नियमच करा. अजून एकदा का विचारा. एअर गेज गेजरूममध्ये, ४० फुटांवर. तिथे रांग. ऑपरेटरकडे दोन मशीन, दुसरीचं सायकल संपतंय. आता उपाय हाताला लागतो: इन्सर्ट बदलताना ऑफसेट ०.०५ ने बोर लहान होईल असा द्या, पहिला पीस काढा, मोजा, मग मापावर आणा. आणि त्या मशीनपाशी बोअर डायल (भोक मोजायचा गेज) व सेटिंग रिंग (तो गेज लावून घ्यायची ठरल्या मापाची कडी) ठेवा.

दुसरं एक कारण हमखास निघतं: गरम पीस. कूलंट कमी असेल तर चकमधून काढलेला पीस सेटिंग रिंगपेक्षा १५ अंशांनी तरी गरम असतो. स्टीलचा २५ चा बोर तेवढ्याने सुमारे ४ मायक्रॉन मोठा दिसतो, अ‍ॅल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. ऑपरेटर ऑफसेट कमी करतो, पीस गार झाल्यावर नोगो (भोकात जायला नको तो गेज) राहिला बाजूला, गोच जात नाही. हे सांगून पटत नाही. एक पीस गरम असताना सगळ्यांदेखत मोजा, रिंगशेजारी फरशीवर ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. बैठक १५ मिनिटांची आहेच.

---

जुना_जाणता

नव्या नावाने जुनंच चाललंय, म्हणून थोडं पाणी ओततो.

क्वालिटी सर्कल हेच होतं. जपानात १९६२ पासून, आपल्याकडे १९८० मध्ये हैदराबादच्या भेल (बीएचईएल) कारखान्यात पहिलं, १९८२ मध्ये त्याची देशपातळीवरची संस्थाही निघाली. एकाच कामाच्या जागेवरची सहा ते दहा माणसं, आठवड्याला तास, स्वेच्छेने, विषय त्यांनीच निवडायचा. पुण्याच्या पट्ट्यात कित्येक कारखान्यांत होती. बरीच कशी मेली, तेही लक्षात घ्या. अधिवेशनाला केस पाठवायची म्हणून आधी उत्तर ठरायचं, मग माशाच्या सांगाड्याची (कारणं मांडायची) आकृती भरायची. घोषवाक्य, टोप्या, टाळ्या. "स्वेच्छेने" चं "प्रत्येक विभागातून दोन सर्कल हवीत" झालं. आणि लोकांनी मागितलेली २,००० रुपयांची फिक्स्चरची दुरुस्ती सहा महिने परचेसमध्ये पडून राहिली.

या शेवटच्याने जेवढी मारली तेवढी टोप्यांनी नाही मारली. माणसं वेळ नाही म्हणून बोलणं सोडत नाहीत, बोलून काही हलत नाही म्हणून सोडतात.

तेव्हा बैठक सुरू करायच्या आधी दोन गोष्टी साहेबांकडून लेखी घ्या. एक, पाळीच्या सेटरला न विचारता खर्च करता येईल अशी रक्कम, समजा महिन्याला ३,००० रुपये: पाट्या, ब्रश, गेजचा स्टँड, डायलची टीप, असलं. दोन, मेंटेनन्सने बैठकीतल्या मागणीला सात दिवसांत हो किंवा नाही कळवायचं. नाही चालेल. गप्प बसणं चालणार नाही. हे मिळत नसेल तर बैठक घेऊच नका, उगाच अपेक्षा वाढवून माणसं दुखावतील.

आणि महिन्याचे शेवटचे पाच दिवस डिस्पॅचची धावपळ असते, त्यात ही बैठक टिकणार नाही. वर्षभर दर आठवड्याला असा आव आणण्यापेक्षा महिन्याला तीनच ठेवा, चौथी नाहीच म्हणून जाहीर करा. ठरवून न घेतलेली आणि बुडालेली, यात माणसाला फरक कळतो.

---

पाळीप्रमुख

सॉफ्टजॉ, शुक्रवारचं डोक्यात नव्हतं. आमच्याकडे वॉर्मअप कागदावर आहे, प्रत्यक्षात कोणी करत नाही, हेही इथे कबूल करतो. जाणते, लेखीचं बघतो, ३,००० वरून घासाघीस होणार.

अजून दोन अडचणी. रात्री ऑफिसचं कोणी नसतं, तिसऱ्या पाळीला घेणार कोण? आणि अर्धी मंडळी ओडिशा-बिहारची, मराठीत चर्चा झाली की ती मागे उभी राहतात.

---

तिसरी_पाळी

रात्री ऑफिसचं कोणी नसतं ही अडचण कसली, तीच तर सोय. चर्चा पाळीच्या सेटरने घ्यायची. पण त्याला नुसतं "घे" म्हणू नका. पहिल्या चार वेळा पीस, चार प्रश्नांचा कागद आणि आधीच्या पाळीत काय निघालं त्याच्या तीन ओळी त्याच्या हातात द्या. तोच पीस तिन्ही पाळ्यांत फिरवा, शुक्रवार सकाळ, शुक्रवार दुपार, शुक्रवार रात्र १२. आणि आधीच्या पाळीचं उत्तर पाकिटात बंद. आधी स्वतः बोलायचं, मग उघडायचं. नाहीतर रात्रपाळी "दिवसवाल्यांनी ठरवलंय" म्हणून मोकळी होते. रात्रीची कारणं वेगळी निघतात, कारण रात्रीची परिस्थिती वेगळी असते: गेजरूमला कुलूप, टूल क्रिबमधून (टूलच्या कोठारातून) इन्सर्ट मोजून दिलेले, म्हणून एक कड जरा जास्तच ओढतात. ७ वाजता हे कोणीच सांगणार नाही.

भाषेचं म्हणाल तर हिंदीत घ्या, विषय संपला. शॉपफ्लोअरवर तशीही मिश्र भाषाच चालते. अडतं ते भाषेपेक्षा क्रमावर. सेटर आधी बोलला की बाकीचे मान हलवतात. म्हणून बोलण्याचा क्रम उलटा ठेवा: हेल्पर, अप्रेंटिस, कंत्राटी ऑपरेटर, कायम ऑपरेटर, इन्स्पेक्टर, सगळ्यात शेवटी सेटर. नवीन पोराला "का झालं" विचारू नका, तो घाबरतो. "तू काय बघितलंस" विचारा. चिप कसली येत होती, आवाज कसा होता, कूलंट कुठे पडत होतं. हेल्परला चिपचं सगळ्यात जास्त कळतं, कारण ट्रॉली तोच ओढतो.

उभ्याने घ्या, पण कॉम्प्रेसरपासून लांब. आठ-दहा माणसांच्या वर गेलं की दोन घोळके करा. प्रॉडक्शन मॅनेजरने पहिले दोन महिने यायचं नाही. यायचंच असेल तर मागे उभं राहून एक शब्द न बोलता, आणि हे बहुतेकांना जमत नाही.

झाडाझडती होऊ नये यासाठी एक साधी युक्ती: टॅगवरचं ऑपरेटरचं नाव आणि पाळी दुमडून स्टेपल करा. कोणाचा पीस हे सगळ्यांना माहीत असतंच, तरी नाव समोर नसलं की बोलणं पीसवर राहतं. आणि बैठकीत निघालेल्या गोष्टीवर मेमो द्यायचा नाही. एकदा दिलात की त्या पाळीकडून पुढची दोन वर्षं "सर, मटेरियल हार्ड होतं" एवढंच ऐकायला मिळेल.

---

गेजरूम

कागदाचं कोणी बोललं नाही, म्हणून.

बैठकीत ठरलेलं चार ठिकाणी जाऊ शकतं, आणि बहुतेक वेळा ते पाचव्या ठिकाणी, म्हणजे हजेरीच्या रजिस्टरात, जाऊन मरतं. ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेली ती रजिस्टरं ऑडिटरलाही ओळखू येतात. सह्या घेऊ नका. ठरलेला बदल कुठे उतरला तो दाखवा. आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.१.६ मध्ये संस्थेचं ज्ञान जपा असं म्हटलंय, त्याला सुधारलेली सेटअप शीट (मशीन लावायच्या सूचनांचा कागद) हा सह्यांपेक्षा भक्कम पुरावा आहे.

उतरवायचं असं:

पहिलं, एक पानी धडा. ए४, दोन फोटो (चूक-बरोबर), खाली जास्तीत जास्त पाच ओळी, ऑपरेटरच्या शब्दांत. "इन्सर्ट बदलला? बोर लहान ठेवून पहिला पीस काढ. गार कर. मोज. मग ऑफसेट." फोन बंदी असेल तर गेजरूमचा एक कॅमेरा ठेवा. पान मशीनवर डोळ्यांच्या उंचीला, तारीख टाकून.

दुसरं, ३० दिवसांनी ते पान काढायचं. कामाचं ठरलं तर सेटअप शीटमध्ये ओळ म्हणून टाका, नाही ठरलं तर फेका. मशीनवर सात पानं चिकटली की आठवं कोणी वाचत नाही, तेलाने पारदर्शक झालेली तर विचारूच नका.

तिसरं, तपासणीची वारंवारता, गेज किंवा क्रम बदलत असेल तर तो कंट्रोल प्लॅनचा बदल आहे. तो बैठकीत परस्पर करायचा नाही. पीएफएमईएमध्ये (प्रक्रियेत कुठे काय चुकू शकतं त्याच्या तक्त्यात) त्याच दोषाची ओळ उघडायची, कारण आणि नियंत्रण सुधारायचं, मग कंट्रोल प्लॅन, मग सेटअप शीट, या क्रमाने. टूलिंग किंवा प्रक्रिया बदलत असेल तर ग्राहकाला आधी कळवावं लागतं का ते बघा, काहींची लेखी मंजुरी लागते. तोपर्यंत फळ्यावर "क्यूएकडे (गुणवत्ता विभागाकडे), अमुक तारीख" असं लिहून ठेवा. नाहीतर लोकांना वाटतं विषय गाडला.

चौथं, पाळी बदलताना मशीनवरच्या डायरीत तीनच रकाने: ऑफसेट कितीने आणि का हलवला, कोणत्या टूलची कड बदलली, काय विचित्र दिसलं. "का" चा रकाना रिकामा असेल तर पुढच्या पाळीने मशीन ताब्यात घ्यायचं नाही. सुरुवातीला "साईझसाठी" असं लिहितील. ते उत्तर धरायचं नाही.

परिणाम मोजायचा तर एकूण रिजेक्शन टक्के बघू नका, त्यात शंभर भानगडी मिसळतात. ज्या दोषावर बैठक झाली तोच दोष त्याच भागावर पुन्हा कधी आला, तेवढी तारीख लिहा. दोन महिन्यांचं अंतर चार झालं तर काहीतरी लागू पडतंय.

---

पाळीप्रमुख

ठरवलं ते असं. येत्या शुक्रवारपासून, २५ एच७ च्याच पीसने सुरुवात. महिन्याला तीन. बोर्डावर दुसऱ्या-तिसऱ्या पाळीचं टार्गेट कमी करून लिहितो, साहेबांना वरचं गणित दाखवतो. बोअर डायलची मागणी आजच टाकली. गेजरूम, तो "का" चा रकाना ऑपरेटरने लिहायचा की सेटरने?

---

गेजरूम

ज्याने ऑफसेट हलवला त्याने. सेटर लिहायला लागला की महिन्याभरात सगळ्या डायऱ्या एकाच अक्षरात दिसतील.

---

सॉफ्टजॉ

शुक्रवारचं एक राहिलं. वॉर्मअपला चक रिकामा फिरवू नका, डमी पकडा, क्लॅम्प प्रेशर बघा, दार बंद आणि इंटरलॉक चालू. सगळे बैठकीत उभे असताना एक माणूस मशीनच्या रांगेत हवाच, आळीपाळीने. आणि प्रोग्रॅमचा फीड ओव्हरराइड आधी २५ टक्क्यांवर ठेवून एक फेरी बघून घ्या, गुरुवारी मेंटेनन्सवाल्यांनी टरेटवर लांब ड्रिल बसवून ठेवलेलं असू शकतं.